फवारा कधी थांबवायचा?

बीडहून सोलापूरकडे निघाले की मांजरसुंब्याच्या अलीकडे बालाघाटचा चढ लागतो, आणि तिथून जवळच, डोंगराच्या घळीत, मन्मथस्वामींची समाधी असलेले कपिलधार आहे. पावसाळ्यात इथला धबधबा पाहायला गाड्यांची रीघ लागते; कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या येतात. मे महिन्यात मात्र धार रोडावलेली असते, डोंगर करपलेले असतात आणि पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. टर्बो इंजिनाच्या भरल्या गाडीला हा चढ जड जातो तो याच महिन्यात. ‘गाडी ओढत नाही’, ‘पिकअप गेला’ अशा तक्रारी मग गॅरेजात येऊ लागतात. त्यावरचा एक जुना आणि थोडा हौशी उपाय म्हणजे इंटरकूलरवर पाणी फवारणे. बीडच्या हवेला हा उपाय जितका मानवतो तितका महाराष्ट्राच्या फार थोड्या भागांना मानवेल, आणि बीडच्या पाण्याला तो मुळीच परवडणारा नाही. या दोन गोष्टींचा मेळ घालायचा तर फवारा माणसाच्या हाती न ठेवता स्वयंचलित करावा लागतो. त्या यंत्रणेचे खरे काम फवारा सुरू करणे हे नसून तो वेळेवर बंद करणे हे आहे, असे माझे म्हणणे आहे.

मुळात इंटरकूलर लागतो कशाला? सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर टर्बोचे एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त तर इंधन जास्त जाळता येते, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन शंभराहून अधिक अश्वशक्ती देते ते याच जोरावर. पण हवा दाबली की ती तापते. बाहेर ४२ अंश असताना हवा दुप्पट दाबाला नेली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १४० अंशांना बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते आणि पेट्रोल इंजिनात तिच्यामुळे नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटण्याचा, धोका वाढतो. म्हणून मधे जाळीदार अॅल्युमिनियमचा इंटरकूलर बसवतात: आतून दाबलेली हवा, बाहेरून समोरचा वारा. तो साधारण ७० टक्के काम करतो असे मानले तरी इंजिनात जाणारी हवा ७०-७१ अंशांची राहते. इंजिनाचा संगणक हे तापमान पाहतो, ठिणगी उशिरा पाडतो, प्रसंगी टर्बोचा दाबही उतरवतो. चढावर पाय पूर्ण दाबूनही गाडी मरगळते ती बिघाडामुळे नव्हे. संगणकाने इंजिन वाचवायला हात आखडता घेतलेला असतो.

इंटरकूलर कितीही मोठा लावला तरी तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पाणी ही मर्यादा ओलांडते, कारण ते वाफ होताना उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ४० वर न्यायला ४२ किलोज्यूल लागतात. तेच लिटरभर पाणी उडून जाताना २,४०० किलोज्यूल घेऊन जाते. फवारा थंडावा देतो तो पाणी गार आहे म्हणून नव्हे, ते उडते म्हणून. आणि ते किती उडेल हे हवा ठरवते. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून वाऱ्यात धरले तर जो आकडा दिसतो, तिथपर्यंतच बाष्पीभवनाने गारवा मिळू शकतो. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता अशा मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी हा आकडा २२ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे वीस अंशांची सवलत. मुंबईत जूनमध्ये ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तो २९च्या आसपास अडकतो. बीडमध्ये घराघरांत खिडकीला लावलेला कूलर मे महिन्यात जीव गार करतो आणि पहिला पाऊस पडताच अंथरूण दमट करण्यापलीकडे काही करत नाही. इथे न्याय तोच.

कल्पना नवी नाही. सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय आणि मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन या रॅलीच्या मुशीतून घडलेल्या जपानी गाड्यांमध्ये कारखान्यातूनच असा फवारा येई. सुबारूचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटच्या खाचेखाली. मित्सुबिशीचा पुढे बंपरमागे. दोन्हीकडे चालकासाठी बटण होते, आणि पुढे काही आवृत्त्यांत आपोआप चालण्याची सोयही आली. इथे एक गफलत टाळायला हवी. हवेच्या नळीत, म्हणजे थेट इंजिनाच्या पोटात पाणी सोडणे हा वेगळा प्रकार आहे. १९६२च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये आणि अलीकडे बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएसमध्ये तो होता. त्यात चूक झाली तर इंजिनालाच फटका बसतो. इंटरकूलरवरचा फवारा बाहेरच्या बाहेर राहतो. तो बिघडला तर गाडी नेहमीसारखी चालते, एवढेच.

मग बटण पुरेसे नाही का? घाटात वळणे, पुढे उसाने किंवा कापसाने लादलेला ट्रक, मागे हॉर्न. अशात चालकाला बटण आठवते ते गाडी मरगळल्यावर, म्हणजे जाळी पूर्ण तापल्यावर. आणि एकदा दाबले की भीतीपोटी ते दाबूनच ठेवले जाते. काच धुण्याच्या पंपावर जोडलेला फवारा मिनिटाला लिटरभर किंवा अधिक पाणी सहज ओततो. गरज किती असते ते पाहा. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला साधारण ७५ ग्रॅम हवा घेते. ही हवा पंधरा अंशांनी आणखी गार करायला एक किलोवॉटहून थोडी जास्त उष्णता काढावी लागते, आणि तेवढी उष्णता मिनिटाला तीस मिलिलिटर पाणी उडून काढता येते. चहाचा अर्धा कप! उरलेले पाणी पातींच्या फटींत पडदा धरते, वारा अडवते आणि खाली रस्त्यावर गळते. जादा फवारा निरुपयोगी तर आहेच, शिवाय तो जाळीचे मूळचे कामही बिघडवतो.

स्वयंचलित यंत्रणा इथे तीन गोष्टींवर नजर ठेवते: टर्बोचा दाब, इंटरकूलरमधून बाहेर पडलेल्या हवेचे तापमान आणि बाहेरचे तापमान. नुसत्या तापमानावर सोडले तर काम फसते, कारण सेन्सरला आणि अॅल्युमिनियमच्या जाळीला तापायला वेळ लागतो. सेन्सर ओरडेपर्यंत अर्धा चढ संपलेला असतो. नुसत्या दाबावर सोडले तर प्रत्येक ओव्हरटेकला पिचकारी उडते. म्हणून दाबाने सावध व्हावे आणि तापमानाने खात्री करावी. उदाहरणार्थ, वातावरणाहून ०.४ बार जास्त दाब सलग तीन सेकंद टिकला आणि आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा २५ अंशांनी गरम असेल तरच पंप दोन सेकंद चालवायचा, मग चार सेकंद थांबायचे. या थांब्यात पातींवरची ओल उडते आणि गारवा प्रत्यक्षात तेव्हाच मिळतो. सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा एकच ठेवू नये, नाहीतर पंप सारखा चालू-बंद होत राहतो. २५ अंशांच्या फरकाला सुरू, १५ला बंद असे अंतर हवे. शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: लागोपाठ पाच फवाऱ्यांनंतरही तापमान दोन अंशांनी उतरले नाही, तर दहा मिनिटे गप्प बसायचे. हवा दमट असो, टाकी रिकामी असो, नोजल तुंबलेले असो, कारण काहीही असले तरी उत्तर एकच, थांबणे. एवढ्या एका नियमाने आर्द्रतेचा वेगळा सेन्सर लावण्याचे कामच उरत नाही.

हे सगळे डोके दोन-तीनशे रुपयांपासून मिळणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या पाटीत मावते. दाबाचे आणि तापमानाचे आकडे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून नुसते वाचता येतात. पण एक खोच आहे. काही गाड्यांत तिथे दिसणारे ‘इनटेक’ तापमान एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचे असते, इंटरकूलरनंतरचे नसते. तो आकडा घाटात फारसा हलत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. अशा गाडीत इंटरकूलरच्या बाहेरच्या नळीवर वेगळा सेन्सर लावावा. इंजिनाच्या मूळ सेन्सरची वायर मात्र सोलून जोड देऊ नये, कारण संगणकाला चुकीचे तापमान कळले तर फायद्याऐवजी नुकसान होते. बाकीचे सामान बीडसारख्या गावात कृषी सेवा केंद्रात आणि ठिबकच्या दुकानात मिळते. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपातला डायफ्राम पंप बारा व्होल्टचाच असतो. शेडनेटमध्ये लावतात त्या फॉगरच्या एका तोंडातून चार बारच्या दाबाला ताशी सुमारे सात लिटर पाणी धुक्यासारखे निघते. दोन सेकंद चालू, चार बंद या हिशेबाने मिनिटाला चाळीस मिलिलिटरच्या आतच. पंपाला स्वतंत्र फ्यूज, टाकीत पातळीचा स्विच, नोजलच्या आधी जाळीचा फिल्टर, आणि नोजलचा रोख टर्बो किंवा धुराच्या तापलेल्या नळीकडे नाही याची खात्री, एवढे पाळले की झाले. चाकणला बनणाऱ्या टायगुन, कुशाक अशा गाड्यांच्या १.० लिटर टीएसआय इंजिनात मात्र इंटरकूलर हवेच्या मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्याने थंड होणारा आहे. तिथे जाळीवर फवारण्याचा प्रश्नच येत नाही. फवारायचे तर पुढच्या छोट्या रेडिएटरवर, आणि त्याचा परिणाम उशिरा दिसतो.

पाणी कोणते, हा प्रश्न बीडमध्ये गंभीर आहे. बोअरचे जड पाणी उडून गेले की क्षार पातींवरच राहतात आणि एका उन्हाळ्यात पांढरा थर धरतो. मग फवारा बंद असतानाही इंटरकूलर पूर्वीपेक्षा वाईट चालतो. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी वापरावे, अशी सूचना हमखास येते. ती उलटी आहे, कारण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. गाडीच्या एसीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते, पण कोरड्या मे महिन्यात ते थेंबभरच मिळते आणि जिथे ते भरपूर मिळते त्या कोकणात फवाऱ्याचा उपयोग कमी. तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी किंवा डिस्टिल्ड पाणी, हेच दोन खरे पर्याय. विकतचे पाणी टाकायचे म्हटले की मोजून फवारण्याची अक्कल आपोआप येते.

दुष्काळी जिल्ह्यात गाडीवर पाणी उडवणे शोभते का, हा आक्षेप मी हलका मानत नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि टँकरची वाट पाहणे इथल्या गावांना नवे नाही. बटणाचा फवारा असेल तर हा आक्षेप बिनतोड आहे: दहा मिनिटांच्या चढात दहा लिटर, म्हणजे घागरभर पाणी. नियम पाळणारी यंत्रणा त्याच चढात अर्धा लिटरही घेत नाही. गाडी धुवायला लागणाऱ्या एका बादलीत असे तीसेक चढ होतील. मोठा इंटरकूलर बसवा, असे दुसरे लोक म्हणतात. जे रोज घाट चढतात, त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण मोठ्या जाळीत दाब घटतो, बंपर कापावा लागतो आणि ४२ अंशांची तळाची मर्यादा तशीच राहते. कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. वेगळ्या टाकीतला फवारा त्या तपशिलाला हात लावत नाही. पण वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली तर सर्व्हिस सेंटर हात वर करील, हे गृहीत धरावे.

रोज शहरात फिरणाऱ्या गाडीला यातले काहीच नको. उन्हाळ्यात भरल्या गाडीने वारंवार घाट चढणारा, ट्रेलर ओढणारा किंवा रॅलीची हौस असलेला, एवढ्यांनीच याचा विचार करावा. पंधरा अंश ही कागदावरची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात किती मिळतात ते त्या गाडीवरच मोजावे. फवारा चालू आणि फवारा बंद, असे एकाच दुपारी, सारख्या वजनाने, सारख्या गियरमध्ये मांजरसुंब्याचा चढ दोनदा चढावा. दोन्ही वेळा जाळी आधी सारखीच निवू द्यावी आणि आकडे मोबाइलवर नोंदवावेत. फरक पाच अंशांच्या आत आला, तर पंप काढून पुन्हा फवारणीच्या कामाला लावावा.