कॉम्प्युटर वारंवार बंद पडतो? फॉरमॅट करण्याआधी ड्रायव्हर तपासा

कापडाच्या पेठेत वही-खात्याची जागा आता कॉम्प्युटरने घेतली आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि तोवर ज्यांनी लाल वही सोडली नव्हती, त्यांनाही कॉम्प्युटर घ्यावा लागला. बिल, ई-वे बिल, बारकोडची चिठ्ठी, कारागिरांची मजुरी, गिऱ्हाइकांची उधारी, सारे त्या एका डब्यात भरलेले असते. हा डबा दिवसातून दोन-तीनदा अचानक बंद पडू लागला की धंद्याचा खोळंबा होतो. टेम्पो माल भरून उभा राहतो, हमाल ताटकळतात आणि बिल निघत नाही म्हणून गाडी सुटत नाही.

अशा वेळी बहुतेक व्यापारी बांधव ओळखीच्या मेकॅनिकला बोलावतात. तो येतो, पाच मिनिटे बघतो आणि सांगतो, "शेठ, फॉरमॅट मारावा लागेल." पैसे जातात, एक दिवस जातो, आणि बॅकअप नीट घेतला नसेल तर वर्षाचा हिशेबही जातो. एवढे होऊनही आठ-पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते. याचे एक मोठे कारण ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असते. ते समजून घेतले तर अनेकदा खर्चाशिवायच इलाज होतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक वस्तू, मग ती प्रिंटर असो, स्कॅनर, वायफाय किंवा वजनकाटा, आपापल्या भाषेत बोलते. विंडोजला त्या सगळ्या भाषा येत नाहीत. मधे दुभाषा लागतो. त्या वस्तूसाठी बनवलेला हा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

आता प्रश्न असा की एका प्रिंटरच्या किंवा वायफायच्या ड्रायव्हरमध्ये खोट असेल तर सारा कॉम्प्युटर का बंद पडावा? यंत्रमागाचे शेड डोळ्यांसमोर आणा. एका मागाचा धागा तुटला तर तेवढाच माग थांबतो, बाकीचे चालू राहतात. साध्या प्रोग्रॅमचे असेच असते. तो अडकला तर तेवढाच बंद करता येतो. पण अनेक ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. त्यांनी मेमरीत भलतीकडे हात घातला तर बिघाड मेन लाईनवर होतो. मग फ्यूज उडावा तसे विंडोज स्वतःच सारे काम थांबवते, कारण तसेच चालू ठेवले तर डिस्कवरील हिशेबाच्या फाइली खराब होण्याचा धोका असतो. निळा पडदा दिसतो तो यामुळेच. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा झाला आहे. अर्थ तोच आहे.

म्हणजे निळा पडदा हा मर्ज नाही, मर्जाची खूण आहे. शॉर्ट कुठे आहे ते न बघता फ्यूज बदलत राहिले तर फ्यूज पुन्हा उडणारच.

हा त्रास नवा नाही

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. विंडोज एक्सपीमध्ये नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात, असे त्यात नमूद होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. ६४ बिटच्या विंडोजमध्ये गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही असणे आवश्यक झाले. त्यामुळे त्रास कमी झाला, पण संपला नाही.

मार्च २०२१ मध्ये विंडोज १० चा एक अपडेट आला आणि क्योसेरा, रिको, झेब्रा अशा कंपन्यांच्या काही प्रिंटरवर प्रिंट देताच कॉम्प्युटर बंद पडू लागले. तेव्हा दोष मायक्रोसॉफ्टच्या अपडेटमध्ये होता. काही दिवसांतच दुरुस्तीचा अपडेट आला आणि प्रश्न मिटला. त्या दिवसांत ज्यांनी घाईने नवा प्रिंटर घेतला असेल त्यांचे पैसे फुकट गेले.

१९ जुलै २०२४ ची घटना तर साऱ्या जगाने पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ड्रायव्हरला माहिती पुरवणारी एक सदोष फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कॉम्प्युटर ठप्प झाले. भारतातही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की इलाज म्हणून ८५ लाख कॉम्प्युटर फॉरमॅट करावे लागले नाहीत. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे हा कंपनीने सांगितलेला उपाय होता.

पेठेतील एक उदाहरण

आमच्या पेठेतील एका दुकानात दोन महिन्यांत दोनदा फॉरमॅट झाले. तिसऱ्या वेळी नवा कॉम्प्युटर घेण्याची गोष्ट निघाली. तेव्हा दुकानदाराच्या भाच्याने एक साधी वही काउंटरवर ठेवली. कॉम्प्युटर बंद पडला की तारीख, वेळ, त्या क्षणी चालू असलेले काम आणि पडद्यावरचे शब्द तो लिहून ठेवी. आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. अकराही वेळा इंटरनेटवर मोठी फाइल जात किंवा येत होती, आणि पडद्यावर प्रत्येक वेळी एकच फाइल नाव होते. ते वायफायच्या छोट्या डोंगलच्या ड्रायव्हरचे निघाले.

डोंगल काढून दोन दिवस मोबाइल केबलने जोडून इंटरनेट चालवले. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मग उलगडा झाला. डोंगलबरोबर आलेल्या सीडीतील ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी बनवलेला होता, आणि दोन्ही फॉरमॅटनंतर तीच सीडी पुन्हा घातली गेली होती. घर झाडून स्वच्छ केले, पण उंदीर पुन्हा आत आणून सोडला, असा तो प्रकार. तो ड्रायव्हर काढून बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरचा योग्य ड्रायव्हर टाकला आणि नव्या कॉम्प्युटरचा खर्च वाचला.

क्रमाने काय करावे?

पहिले काम बॅकअपचे. काहीही हात लावण्याआधी हिशेबाचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक नक्कल दुकानाबाहेर ठेवा.

दुसरे, नोंदवही. पडद्याचा मोबाइलने फोटो काढा. त्यावर "स्टॉप कोड" असतो, आणि पुष्कळदा "व्हॉट फेल्ड" या शब्दांपुढे फाइलचे नाव असते. ज्या नावाच्या शेवटी एसवायएस ही अक्षरे आहेत ती बहुधा ड्रायव्हरची फाइल असते. वारंवार एकच नाव आले तर चोर सापडला असे समजायला हरकत नाही. मात्र "एनटीओएसकर्नल" हे नाव विंडोजच्या स्वतःच्या गाभ्याचे आहे. ते दिसले म्हणून दोष त्याचाच असतो असे नाही. दर वेळी निराळेच नाव येत असेल तर मेमरीच्या पट्टीवर म्हणजे रॅमवर संशय घ्या.

तिसरे, बदल काय झाला ते आठवा. नवा प्रिंटर, नवा अँटिव्हायरस, विंडोजचा अपडेट, नवी केबल? आठवत नसेल तर स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत "रिलायबिलिटी" टाइप करा. एक कॅलेंडर उघडते. कोणत्या दिवशी काय टाकले गेले आणि कोणत्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या, हे त्यात एका नजरेत दिसते.

चौथे, कीबोर्ड आणि माउस सोडून बाहेरून जोडलेले सारे काढा. कॉम्प्युटर नीट चालला तर रोज एकेक वस्तू परत जोडा. ज्या दिवशी त्रास सुरू होईल त्या दिवशीची वस्तू तपासा.

पाचवे, सेफ मोड. शिफ्टचे बटण दाबून रीस्टार्ट केले की त्याचा मार्ग मिळतो. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन चालते. तिथे तासन्‌तास ठीक चालला तर संशय ड्रायव्हरवर पक्का होतो. तिथेही बंद पडला तर रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय, पंख्यात साचलेला कपड्याचा तंतू किंवा विजेचा चढ-उतार तपासावा. आपल्या धंद्यात तंतूची धूळ कॅबिनेटमध्ये फार लवकर साचते, हे ध्यानात ठेवा.

सहावे, डिव्हाइस मॅनेजर उघडा. संशयित वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती दिसते. नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल तर "रोल बॅक ड्रायव्हर" दाबून जुना परत आणता येतो. ते बटण चालत नसेल तर वस्तू अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा आणि मग वस्तूचा मॉडेल नंबर पाहून बनवणाऱ्याच्याच वेबसाइटवरून ड्रायव्हर घ्या. सिस्टिम रिस्टोअर आधीपासून चालू असेल तर त्रासाच्या आधीच्या तारखेवरही परत जाता येते. त्यात आपल्या हिशेबाच्या फाइली पुसल्या जात नाहीत.

विंडोजमध्ये "ड्रायव्हर व्हेरिफायर" नावाचे हत्यारही आहे. ते ड्रायव्हरवर मुद्दाम ताण टाकते आणि दोषी सापडताच कॉम्प्युटर बंद पाडते. सेफ मोडमधून ते परत बंद कसे करायचे हे जाणणाऱ्यानेच ते वापरावे.

या गोष्टी टाळा

"तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो" असे सांगणाऱ्या प्रोग्रॅमपासून दूर राहा. त्यातून चुकीचे ड्रायव्हर येतात, कधी व्हायरसही येतो. जे नीट चालते ते विनाकारण बदलू नये. ईद, दिवाळी किंवा लग्नसराईच्या ऐन गर्दीत नवा ड्रायव्हर किंवा मोठा अपडेट टाकू नका. तो मंदीच्या दिवसांत टाका. मात्र सुरक्षेचे अपडेट कायमचे बंद करून ठेवणे हाही शहाणपणा नव्हे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्या.

स्वस्तातील नकली केबलही महागात पडते. वजनकाटा किंवा जुने मशीन जोडण्याच्या यूएसबी केबलमध्ये एक चिप असते. २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने तिच्या नावाच्या नकली चिप निकामी केल्या होत्या. ज्यांनी केबल घेतली त्यांना ती नकली आहे हे ठाऊकही नव्हते. म्हणून केबल घेताना बिल मागा.

मेकॅनिकला विचारा

मेकॅनिकशी भांडण्याचे कारण नाही. त्यातले बरेचसे आपल्याच मोहल्ल्यातील मेहनती तरुण आहेत, आणि फॉरमॅट हा त्यांना शिकवलेला सोपा रस्ता आहे. पण त्यांना तीन प्रश्न जरूर विचारा. पडद्यावर कोणती फाइल आली होती? सेफ मोडमध्ये चालवून पाहिले का? फॉरमॅटनंतर ड्रायव्हर कुठून टाकणार, जुन्या सीडीतून की कंपनीच्या वेबसाइटवरून? जो मेकॅनिक या प्रश्नांची उत्तरे शोधून देईल, त्याला दोन पैसे जास्त द्या आणि त्यालाच धरून राहा.

कारागिराची मजुरी आणि गिऱ्हाइकाची उधारी आपल्याकडे अमानत म्हणून लिहिलेली असते. ती एका मेकॅनिकच्या घाईने पुसली गेली तर वाद आपल्यात आणि त्यांच्यात होतो. तेव्हा आजच काउंटरवर एक वही ठेवा, दुकानातील एखाद्या हुशार मुलाला ती लिहिण्याची जिम्मेदारी द्या, आणि आठ दिवसांच्या नोंदी हातात आल्याशिवाय कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका.