कोयत्यामागचीं मुलें

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते, तेव्हां बीड जिल्ह्यांतील कित्येक खेड्यांत हजेरीच्या वेळीं पुष्कळ नांवांना उत्तर मिळत नाहीं. आईबापांना शिक्षणाची किंमतच नाहीं, असें म्हणून आपण मोकळे होतों. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे.

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा मुलूख पर्जन्यछायेंतला. जमीन हलकी, पाऊस बेभरंवशाचा. खरीप हातीं आलें न आलें कीं गांवांत काम उरत नाहीं. आणि त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मुकादमानें 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, आधींच दिलेली असते. ती लग्नांत, दुखण्यांत, जुन्या देण्यांत केव्हांच संपते. मग ती फेडण्यासाठीं पांच-सहा महिने घर सोडावें लागतें.

येथें एक शब्द नीट ध्यानांत घ्यावयास हवा. या व्यवहारांत 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल ठरते ती कोयत्यावर, मजुरी मिळते ती टनावर. दोघांनीं ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहाव्या. आईनें घरीं राहावें, ही सोयच या हिशेबांत नाहीं. आजीआजोबा धडधाकट असले तर ठीक. एरवीं मुलेंहि बिऱ्हाडाबरोबर ट्रकांत चढतात.

फडाजवळ पाचटाची नाहींतर ताडपत्रीची कोपी. आईबाप अंधारांतच कामास लागतात. नऊ-दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळते, पाणी आणते, भाकऱ्या थापते. तिला कोणी मजूर म्हणत नाहीं, कारण तिची मजुरी कोणी मोजत नाहीं. परंतु तिच्या हातांवांचून आईचा अर्धा कोयता चालला नसता.

कुटुंब मार्च-एप्रिलांत परततें, तों शाळेचें वर्ष सरत आलेलें असतें. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. हुकलेला अभ्यास कांहीं त्यानें भरून निघत नाहीं. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, पण टोळी आज या फडावर, उद्यां त्या फडावर. त्यापेक्षां गांवींच चालणारीं हंगामी वसतिगृहें मला अधिक उपयोगाचीं वाटतात; मूल आपल्याच वर्गांत, आपल्याच गुरुजींजवळ राहतें. मात्र तान्ह्याला फडावर सांभाळणारें दुसरें कोणी नसेल, तर वसतिगृहांत नांव घातलेलें असूनहि त्या मुलीला ट्रकांत चढावेंच लागतें.