आधाराचा योग

सांगोला तालुक्यातील एखाद्या खेड्यात कोणाला पक्षाघाताचा झटका आला, तर त्याच्या ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची रीत आहे. या शब्दप्रयोगात निदान कमी आणि हताशपणा अधिक आहे. वारे आले, गेले; त्याला माणसाने काय करावयाचे? वस्तुतः करण्यासारखे पुष्कळ असते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता आले, तर कित्येक रुग्णांचे अपंगत्व टळते किंवा कमी होते. परंतु ही वेळ टळून गेली, रुग्ण वाचला आणि आठ-दहा दिवसांनी इस्पितळातून घरी आला, म्हणजे खरा प्रश्न सुरू होतो. सुटीच्या कागदावर औषधांच्या नावांखाली ‘व्यायाम चालू ठेवावा’ एवढी एक ओळ असते. कोणता व्यायाम, किती, कोणी करवून घ्यावयाचा, याविषयी तो कागद मौन पाळतो.

कंपवाताची गोष्ट याहून संथ, म्हणून अधिक फसवी. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून जगभर त्याला पार्किन्सनचे नाव लाभले. आपल्याकडील वैद्य त्याला कंपवात म्हणून ओळखत होते, आणि ज्या खाजकुइलीच्या बियांचा ते उपयोग करीत तिच्यात आजच्या मुख्य औषधाचेच, म्हणजे लेव्होडोपाचेच, द्रव्य असते हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात, आणि त्यातील बराच मोठा भाग गेल्यावर मगच हात थरथरू लागतो. खेड्यात ही थरथर म्हातारपणाच्या खाती जमा होते. चाल मंदावली, अक्षर बारीक झाले, चेहरा निर्विकार झाला, अंथरुणावर कूस बदलणे जड झाले, तरी ‘आता वय झाले’ या तीन शब्दांत सगळे आटोपते. याहून चमत्कारिक लक्षण म्हणजे उंबरठा. सपाट अंगणात बरा चालणारा माणूस दाराच्या चौकटीशी येतो आणि त्याचे पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. घरातली माणसे त्याला कधी आळस समजतात, कधी ढोंग.

अशा रुग्णाला नियमित हालचालीची, तीही कोणाच्या तरी देखरेखीखाली, आवश्यकता असते. आता सांगोल्याचा नकाशा पाहावा. मेंदूविकारतज्ज्ञ गाठण्यासाठी सामान्यतः सोलापूर, मिरज किंवा पुणे यांपैकी एका दिशेला जावे लागते. सोलापूर ८० किलोमीटरच्या घरात, मिरज १००च्या आसपास, पुणे २००हून पुष्कळ पुढे. औषध बदलून घेण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा ही यातायात करता येते. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी करता येत नाही. एस.टी.चे भाडे हा या खर्चातला लहान भाग होय. रुग्णाबरोबर जाणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज, डाळिंबाच्या बागेत फवारणीचा चुकलेला दिवस, दुभत्या जनावराकडे पाहण्यासाठी शेजाऱ्याची केलेली विनवणी, हे सारे हिशेबात धरले तर फुकटचा उपचारसुद्धा महाग पडतो. अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात तो हाच. माणदेशातील कित्येक घरांतील कर्ती मुले गलाईच्या धंद्यासाठी परप्रांतात, नाहीतर नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली आहेत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला उठविण्या-बसविण्याचे काम बहुधा तितक्याच म्हाताऱ्या बायकोवर किंवा सुनेवर पडते. त्या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.

या अडचणीवर मार्ग शोधताना परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. तो मार्ग जेथे घडला ते ठिकाण महाराष्ट्रातच आहे. कर्नाटकातील बेल्लूरचे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योगशिक्षक म्हणून आले आणि २०१४ साली मृत्यू येईपर्यंत पुणेकर राहिले. बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेल्या या माणसाला दुर्बल शरीर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. ज्याला आसन जमत नाही त्याने ते सोडून द्यावे असे न म्हणता, आसनच त्या माणसापर्यंत कसे आणता येईल याचा त्यांनी ध्यास घेतला. विटा, लाकडी ठोकळे, पट्टे, भिंतीतील दोर, खुर्ची, बाके, घडी घातलेली कांबळी अशी साधी साधने त्यांनी उपयोगात आणली. १९७५ साली शिवाजीनगर भागात सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेतील रुग्णांसाठीचे वर्ग याच साधनांवर उभे राहिले. १९७९ साली स्कूटरच्या अपघातात, आणि त्यापाठोपाठच्या दुसऱ्या अपघातात, त्यांचे स्वतःचे शरीर जायबंदी झाले, तेव्हा साठी ओलांडलेल्या या गुरूला तीच साधने हाती धरून पुन्हा प्रारंभापासून अभ्यास करावा लागला. योग म्हणजे शरीराचे कसरतवजा प्रदर्शन, असा समज दृढ करण्यास त्यांचीच जुनी छायाचित्रे काही अंशी कारणीभूत झाली असतील. पण त्यांचे चिरस्थायी कार्य त्या छायाचित्रांत नसून खुर्चीत आणि दोरात आहे.

त्याआधी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगक्रियांना प्रयोगशाळेची कसोटी लावली होती. श्रद्धेने सांगितलेली गोष्ट मोजून पाहावी, हा त्यांचा आग्रह होता. आज योगाच्या नावाने जे दावे केले जातात ते ऐकून स्वामींना काय वाटले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मोजून पाहिलेले जे आहे ते उत्साहवर्धक आहे, परंतु मर्यादित आहे. अमेरिकेतील ऑरेगन येथे बहुविध मज्जाकाठिण्याच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, ६९ रुग्णांवर केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने अय्यंगार पद्धतीचा योग करणाऱ्यांचा थकवा नुसती प्रतीक्षा करणाऱ्यांच्या तुलनेने कमी झाला. मात्र साधा व्यायाम करणाऱ्यांनाही तसाच लाभ झाला, आणि बुद्धीच्या कार्यात कोणत्याच गटात फरक आढळला नाही. हाँगकाँगमध्ये कंपवाताच्या १३८ रुग्णांवरील आठ आठवड्यांचा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. हालचालीच्या बाबतीत योग आणि ताण-शक्तीचे व्यायाम समसमान ठरले, पण चिंता आणि खिन्नता घटविण्यात योग सरस ठरला. पक्षाघातोत्तर योगाविषयीचा पुरावा गोळा करणाऱ्या कॉक्रेन समीक्षेला २०१७ साली निकषात बसणारे प्रयोग दोनच मिळाले, आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढण्यास तिने नकार दिला. याचा अर्थ एवढाच की, योगाने कंपवात बरा होत नाही, मेलेली पेशी जिवंत होत नाही, गोळी बंद करता येत नाही. जो योगशिक्षक गोळ्या सोडावयास सांगतो त्याच्यापासून रुग्णाने दूर राहावे, मग त्याचा गळा कितीही हारांनी भरलेला असो. कंपवाताचे औषध एकाएकी तोडणे प्राणावरही बेतू शकते.

तरीसुद्धा वरील निष्कर्षांतच खेड्यातील रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. योग अन्य व्यायामाइतकाच उपयोगी असेल, तर निवड उपलब्धतेवर आणि खर्चावर करावयास हवी. फिजिओथेरपीचे शास्त्र अधिक नेमके आहे आणि ते जेथे मिळते तेथे पहिला मान त्याचाच. पण ते एका वेळी एका रुग्णाला हाताळते, आणि पदवीधर फिजिओथेरपिस्ट तालुक्यापलीकडच्या वाडीवस्तीवर क्वचितच पोचतो. समूहाने करावयाचा, घरी चालू ठेवता येणारा आणि ज्याच्या नावाविषयी म्हाताऱ्या माणसाच्या मनात परकेपणा नाही असा व्यायाम तेथे अधिक टिकेल, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

साधनांसाठी तर पैशाची वाटच पाहावयास नको. सांगोल्याच्या कोणत्याही घरात दोन विटा, खाट, कासरा आणि सोलापुरी चादर सापडते. पाठ आणि टाचा भिंतीला टेकवून उभे राहणे हेच कंपवाताने पुढे वाकलेल्या माणसाचे ताडासन. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कमरेतून पुढे झुकणे, खुर्चीवर बसूनच धड एका बाजूला वळविणे, खाटेवर पडून पायाच्या तळव्यात चादरीची पट्टी अडकवून पाय उचलणे, घडी घातलेल्या चादरीवर छाती उंचावून स्वस्थ श्वास घेणे. ज्याला जमिनीवर बसता येत नाही त्याला आधी जमिनीवर बसविण्याचा अट्टहास करू नये. खाली बसणे आणि पुन्हा उठणे हाच त्याच्यासाठी महिना-दोन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा हात चांगल्या हाताने धरून वर न्यावयाचा, पण त्या खांद्याला हिसका बसता कामा नये.

पाय खिळण्याच्या लक्षणावर तर पंढरीच्या वाटेवरील या तालुक्याजवळ आपले असे औषध आहे. बाहेरून मिळणाऱ्या ठेक्याने आणि जमिनीवरील आडव्या रेषांनी कंपवाताच्या रुग्णाची चाल सुधारते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. टाळाच्या ठेक्यावर पावली टाकत आलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज काय? उंबरठ्याअलीकडे खडूच्या दोन रेघा आणि कोणीतरी धरलेला ठेका, एवढ्यावर अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते.

सावधगिरीचे नियमही तितकेच साधे, पण शिक्षकाला ते माहीत हवेत. रक्तदाब वाढलेल्या आणि पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला शीर्षासन, श्वास कोंडून धरणे, कपालभातीचे जोरदार झटके वर्ज्य. कंपवाताच्या रुग्णाचा रक्तदाब उभे राहताना एकदम उतरतो, म्हणून आडवे झाल्यावर आधी कुशीवर, मग बसते, मग उभे. आणि वर्ग गोळीचा परिणाम असण्याच्या वेळीच घ्यावा. अपस्मार असलेल्याने वेगाचा श्वासोच्छ्वास करू नये. मज्जाकाठिण्याच्या रुग्णाची लक्षणे उष्णतेने बळावतात. सांगोल्याच्या वैशाखात त्याला पत्र्याच्या शेडखाली दुपारी बसविणे म्हणजे उपचार नव्हे. आणि पडू शकणाऱ्या प्रत्येक माणसाशेजारी एक धडधाकट माणूस हवा. म्हणजे रुग्णाबरोबर सून आली तर ती कोपऱ्यात बसून न राहता शिकूनच जाईल. तिच्या स्वतःच्या दुखऱ्या कमरेलाही दोन आसने मिळाली तर बिघडत नाही.

मग हे होत का नाही? शासनाकडे यासाठी लागणारे बहुतेक सर्व कागदावर आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ सालच्या कायद्याने जुन्या सात प्रकारांच्या जागी २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत कंपवात, मज्जाकाठिण्य व अन्य चिरकालीन मज्जाविकार यांचा नावानिशी समावेश केला. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर ज्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत होत गेले, ज्यांना पुढे आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले, त्यांच्या कामात योगसत्रे समाविष्ट आहेत. २१ जूनला पटांगणावर हजारोंच्या रांगा लागतात आणि छायाचित्रे निघतात. त्या रांगांत खुर्च्या मात्र नसतात. ज्या शरीरांना योगाची सर्वांत अधिक निकड आहे ती शरीरे त्या दिवशी घरी खाटेवर असतात. सत्रे आणि उपस्थिती मोजणाऱ्या व्यवस्थेत धडधाकट पन्नास जणांचा वर्ग सहा अडलेल्या माणसांच्या वर्गापेक्षा यशस्वी दिसतो. मग त्या शिक्षकाने सहा जणांसाठी घाम का गाळावा?

१९७८ साली वयाच्या तेराव्या वर्षी मोटार अपघातात छातीखालचे शरीर अधू झालेला मॅथ्यू सॅनफर्ड नावाचा अमेरिकन तरुण पुढे अय्यंगार पद्धतीच्या शिक्षिकेकडे शिकला आणि चाकाच्या खुर्चीतून स्वतः योग शिकवू लागला. पुण्याहून निघालेली विद्या मिनेसोटात चाकाच्या खुर्चीपर्यंत पोचली. ती सांगोल्याच्या खाटेपर्यंत पोचलेली नाही, हे मानहानीकारक म्हणावयास हवे.

तालुक्याला यासाठी नवी इमारत नको. ग्रामीण रुग्णालयाशी जोडलेला एक शिक्षक, फिजिओथेरपिस्टाकडून महिनाभराचे प्रशिक्षण, रुग्णाचा औषधाचा कागद वाचू शकणारा एक आरोग्य अधिकारी आणि मानधन ठरविताना डोक्यांऐवजी अडचण मोजणारा एक निकष, एवढे पुरे. मुंबईत २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्याकडे रुग्णांचे गट चालविण्याचा अनुभव आहे. तो मागितला तर मिळेल. वार ठरविताना मात्र कार्यालयीन सोय पाहू नये. रविवारी सांगोल्यात जनावरांचा बाजार भरतो, खेड्याखेड्यांतून जीप आणि टेम्पो तसेही येतात, आणि खिल्लार खोंडाला जागा देणाऱ्या गाडीत एका म्हाताऱ्यालाही जागा होते. तो बाजार पहाटेच भरतो, उन्हे तापण्याच्या आत निम्मा उलगडतो. नऊ वाजता वर्ग ठेवला तर सोबतच्या माणसाचा रोजही बुडणार नाही.