घाटातील ओझे: गॅस की डिझेल?

अनमोडचा घाट असो, आंबोलीचा असो वा काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट असो, त्याच्या पायथ्याशी ज्यांचा जन्म गेला त्यांना रात्री उतरणाऱ्या अवजड ट्रेलरचा आवाज अंथरुणात पडल्या पडल्या ओळखता येतो. गाडी गियरमध्ये असली की इंजिनाची घरघर संथ आणि भारदस्त असते; ती नसली आणि नुसत्या चाकांचा घोंगाट व ब्रेकची किंचाळी ऐकू आली की मनात चर्र होते. पोटासाठी अपरात्री घाट उतरणारा तो माणूस सुखरूप खाली पोचो, एवढेच त्या वेळी मनात येते. मालवाहतुकीच्या धंद्यात आज जी चर्चा जोरात चालू आहे, ती ऐकताना या आवाजाची आठवण ठेवली पाहिजे. ती चर्चा अशी की, एवढी मोठी धुडे ओढण्यासाठी यापुढे डिझेलचा ट्रक घ्यावा की गॅसचा?

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत तो घरोघर चर्चिला जातो. तेथे ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. आपल्याकडील नैसर्गिक वायू नव्हे. चाकांवरचे आख्खे घर गाडीमागे जोडून महिनोन् महिने भटकण्याची तेथील निवृत्त दांपत्यांना हौस असते, आणि ते घर ओढायला पेट्रोलचा ट्रक घ्यावा की डिझेलचा, यावर त्यांच्यात हमरीतुमरीचे वाद होतात. त्या वादातील आकडे बोलके आहेत. फोर्ड कंपनीने २०२० सालच्या ट्रकांत जे ७.३ लिटरचे मोठे पेट्रोल इंजिन बसविले, त्याची पिळण्याची शक्ती, ज्याला तंत्रज्ञ ‘टॉर्क’ म्हणतात ती, सुमारे ६४४ न्यूटन-मीटर. रॅम कंपनीच्या २०१९ सालच्या ट्रकातील ६.७ लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनाची हीच शक्ती १३५६ न्यूटन-मीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. शिवाय रॉकी पर्वतात ३००० मीटरांच्या वर गेले की विरळ हवेमुळे साध्या पेट्रोल इंजिनाचे जवळजवळ तीस टक्के बळ गळून जाते. टर्बोने हवा कोंबून घेणाऱ्या डिझेलला तो त्रास फारसा जाणवत नाही.

मग तेथील सारेच लोक डिझेल का घेत नाहीत? कारण डिझेलच्या इंजिनासाठी दहा हजार डॉलरांच्या आसपास जादा मोजावे लागतात, त्याची देखभाल महाग पडते, आणि त्या इंजिनाचे स्वतःचे वजन इतके असते की ट्रकच्या पाठीवर जे ओझे ठेवायचे त्यातून तेवढे वजा होते. म्हणून तेथील जाणते लोक असे सांगतात की, वर्षातून दोनदा सपाट मुलखात जायचे असेल तर पेट्रोल पुरेसे आहे. वर्षभर डोंगर चढायचे-उतरायचे असतील तर डिझेलला पर्याय नाही. इंधन निवडण्यापूर्वी वाट पाहावी आणि वजन तोलावे, हा त्या वादाचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे या निष्कर्षाकडेच दुर्लक्ष होत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या देशात अवजड ट्रेलर ओढण्यासाठी पेट्रोलचा ट्रक आज कोणी घेत नाही. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने डिझेल ट्रक बांधण्यास आरंभ केला आणि त्यानंतर पेट्रोलचे ट्रक हळूहळू मावळले. आज डिझेलसमोर उभा आहे तो नैसर्गिक वायू. तो दोन रूपांत मिळतो: दाबून भरलेला सी.एन.जी. आणि उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला एल.एन.जी. लांबच्या अवजड वाहतुकीसाठी यातला दुसराच विचारात घेण्याजोगा आहे. कारण दाबलेल्या वायूच्या टाकीत तेवढ्याच आकाराच्या डिझेलच्या टाकीतील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा मावतो, तर द्रवरूप वायूत सुमारे साठ टक्के मावते. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पन्नास एल.एन.जी. पंपांची एकाच वेळी पायाभरणी केली. चाकणच्या कारखान्यातून २०२२ पासून द्रवरूप वायूवर चालणारे, ५५ टनांचा भार ओढणारे ट्रक बाहेर पडू लागले. तेव्हा ही गोष्ट आता हवेतली राहिलेली नाही.

वायूच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. डिझेलच्या धुरात काजळी असते आणि त्या धुरामुळे कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-सहा नियमांनी नव्या ट्रकांची काजळी पुष्कळ कमी केली असली, तरी जुने ट्रक अद्याप रस्त्यावर आहेतच. वायूच्या इंजिनात काजळी जवळजवळ नसते आणि आवाजही कमी. रस्त्याकाठी घरे असणाऱ्यांना, दुकाने मांडून बसणाऱ्यांना हा लाभ लहान नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या वायूवर आल्या, हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु दिल्ली सपाट आहे, आणि तेथील बस रोज रात्री आपल्या आगारात परतते. पंप आगारापाशी असला की भागते. सह्याद्री ओलांडून देशावर जाणाऱ्या ट्रेलरचे तसे नाही.

आता यंत्राचा थोडा विचार करू. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याचे मर्म असे की, हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापून इंधन पेटावे; ठिणगीची गरजच पडू नये. या प्रचंड दाबामुळे इंधनातील ऊर्जेचा अधिक हिस्सा कामी येतो आणि कमी फेऱ्यांतही चाकाला भक्कम पीळ मिळतो. पेट्रोलचे आणि वायूचे इंजिन मात्र ठिणगीवर पेटते, त्यात दाब कमी ठेवावा लागतो; म्हणून तेवढेच काम करायला त्याला अधिक ऊर्जा खर्ची घालावी लागते. टर्बो बसवून, इंजिन मोठे करून ही तूट बरीचशी भरून काढता येते आणि कारखानदारांनी ती काढलीही आहे. चढाच्या बाबतीत, म्हणूनच, आजचा चांगला वायूचा ट्रक अगदीच लंगडा नाही. घोटभर वेळ अधिक लागेल, इतकेच.

खरी परीक्षा उताराची आहे, आणि तिच्याविषयी जाहिरातीत अवाक्षर नसते. २०१८ साली केंद्र सरकारने ट्रेलरच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर नेली. बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. ५५ टनांचे ओझे त्यातले पाचशे मीटर जरी खाली आणायचे म्हटले, तरी जी ऊर्जा जिरवावी लागते तिने साडेआठशे लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल! एवढी उष्णता एकट्या ब्रेकच्या लायनरवर टाकली तर ते जळतील, नाहीतर काय होईल? ती इंजिनानेच जिरवली पाहिजे. डिझेलच्या इंजिनाला आत येणारी हवा अडविणारे दार नसते, त्यामुळे एरवी ते गाडीला फारसे रोखून धरत नाही. म्हणूनच अवजड ट्रकांत धुराची वाट आवळणारा ‘एक्झॉस्ट ब्रेक’ बसवितात, आणि मग तेच दणकट इंजिन उलट्या दिशेने राबून गाडीला लगाम घालते. पेट्रोल आणि वायूच्या इंजिनात ते दार असल्यामुळे थोडाफार अडसर आपोआप मिळतो, पण अशा महाकाय ओझ्याला तो पुरा पडत नाही. तेव्हा वायूचा ट्रक घेणाऱ्याने विक्रेत्याला पहिला प्रश्न किलोमीटरमागे किती पैसे वाचतील हा विचारू नये. उतारावर गाडी कशाने रोखणार, वेगळा ‘रिटार्डर’ बसविला आहे की नाही, हा विचारावा.

येथेच एका घातक समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. इंधन वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय अनेक ड्रायव्हरांना आहे. मालक मायलेजचा हिशेब मागतो, म्हणून ती अधिकच बोकाळते. वस्तुतः आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन साफ बंद होते. उलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलवर गाडी सोडणारा जीव धोक्यात घालतो, आणि दमडीही वाचवत नाही. ही गोष्ट प्रत्येक मालकाने आपल्या ड्रायव्हरला आणि प्रत्येक परिवहन अधिकाऱ्याने प्रत्येक मालकाला सांगितली पाहिजे.

दुसरा प्रश्न इंधनाच्या भरवशाचा. वायूचे पंप आज मोजक्याच महामार्गांवर आहेत. टाकी रिकामी झाली तर डिझेलवाल्याला क्लीनरच्या हाती कॅन देऊन पाठविता येते. उणे १६२ अंशांचे इंधन कॅनमध्ये कोण आणणार? गाडी काही दिवस उभी राहिली तर टाकीतील थंड द्रवाचा वायू होऊन दाब वाढतो आणि शेवटी तो बाहेर सोडावा लागतो. हा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डाय-ऑक्साइडच्या ऐंशीपट पृथ्वीला तापवितो. म्हणजे प्रदूषण टाळण्याचे पुण्यही गाडी चालत राहिली तरच पदरात पडते. भावाचेही तसेच. आपण वायूच्या गरजेपैकी सुमारे निम्मा भाग परदेशातून आणतो, आणि २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने त्याचे जागतिक भाव कसे गगनाला भिडले ते आपण पाहिले. खनिज तेल आपण याहूनही अधिक प्रमाणात आयात करतो हे खरे. पण डिझेल गावोगावी मिळते आणि त्याची गाडी कोणताही मेस्त्री उघडू शकतो.

या साऱ्याचा भार अखेर कोणावर पडतो? शंभर ट्रकांचा ताफा बाळगणारी कंपनी आपल्या आवारात पंप उभारील, तज्ज्ञ नेमील, चार गाड्या बिघडल्या तरी तग धरील. परंतु दागिने गहाण टाकून, बँकेचे हप्ते डोक्यावर घेऊन एक-दोन ट्रक चालविणारा आमचा मालक चुकीच्या निवडीने वर्षभरात रस्त्यावर येईल. वायूच्या ट्रकची किंमत डिझेलच्या ट्रकपेक्षा बरीच अधिक आहे. ती जादा रक्कम रोजच्या भरपूर धावेतूनच वसूल होते, आणि पावसाळ्यात घाट बंद पडले की आपल्याकडे ती धावच खुंटते.

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. बंदर ते कारखाना अशी ठराविक, सपाट आणि रोजची वाट असेल, आणि दोन्ही टोकांना पंप असतील, तर वायूचा ट्रक आनंदाने घ्यावा. गावांची हवा त्याला दुवा देईल. घाट ओलांडून मिळेल त्या भाड्याला जाणाऱ्या मालकाने मात्र तूर्त भारत-सहा प्रतीचा, एक्झॉस्ट ब्रेक शाबूत असलेला डिझेल ट्रकच घ्यावा, त्याच्या युरियाची आणि धूर गाळणाऱ्या जाळीची नीट निगा राखावी, आणि परवान्यापेक्षा एक पोतेही अधिक भरू नये.

सरकारला वायूचा पुरस्कार करायचा असेल तर उपदेशापूर्वी पंप उभारावेत. दाभोळचे द्रवरूप वायूचे केंद्र २०१३ साली आपल्याच किनाऱ्यावर सुरू झाले. लाटा अडविणारा बांध पुरा नसल्यामुळे अनेक वर्षे पावसाळ्यात ते बंद ठेवावे लागे. घरची गंगा अशी आटत असताना लहान मालकाने कोणाच्या भरवशावर कर्ज काढायचे? घाटाच्या माथ्यावर ब्रेक तपासणीची सक्तीची जागा आणि उतारावर बेफाम गाडी शिरविता येईल अशा वाळूच्या वाटा ही कामे इंधन कोणतेही असले तरी करावीच लागतील. आणि कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून नेण्यास जी सुरुवात केली, तिचा विस्तार हा तर सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे.

ट्रकच्या टाकीत काय भरावे हे मालकाने आपला हिशेब पाहून खुशाल ठरवावे. पण तो हिशेब मांडताना त्याने एकदा आपल्या ड्रायव्हरशेजारी बसून, भरल्या ट्रेलरनिशी, भर पावसात घाट उतरून पाहावा. पायथ्याला पोचेपर्यंत कोणत्या प्रश्नाला किती महत्त्व द्यायचे ते त्याला आपोआप कळून येईल.