असं का होतं? : आधी धूर, मग आगबोट

किनाऱ्यावरून दूरची बोट कधी निरखली आहे? आधी तिचा वरचा भाग दिसतो, तळ नंतर. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातून मुंबईला येणाऱ्या आगबोटींची वर्दळ वाढली. वाट पाहणाऱ्यांना आधी क्षितिजावर धूर दिसायचा, मग डोलकाठी, धुरांडं आणि शेवटी प्रवाशांनी गजबजलेला डेक. कारण समुद्र सपाट नाही. पृथ्वीच्या गोलाईबरोबर तोही वाकतो. टेकाडापलीकडून येणाऱ्या माणसाचं आधी मुंडासं दिसावं, तसंच हे. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर असतं. पण 20 मीटर उंच धुरांड्याचं टोक स्वच्छ हवेत सुमारे 20 किलोमीटरवरूनही दिसू शकतं. धूर त्याहून उंच चढायचा. म्हणून आप्तांच्या आगमनाची पहिली वर्दी तोच द्यायचा.