जुन्या लष्करी ट्रकची केबिन गार का राहते?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील जनरल मोटर्सने सैन्यासाठी अडीच टनी ट्रक बनवले. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. युद्धाच्या मध्यास त्यांच्या बंद पत्र्याच्या केबिनऐवजी ताडपत्रीचे छप्पर असलेली उघडी केबिन आली. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळी हे ट्रक आजही जपतात, हिवाळ्यात चालवतातही. आणि मग केबिनमध्ये हातपाय गारठतात.

खरे तर चालकाच्या पायांपुढेच एक भट्टी पेटलेली असते. असा ट्रक एका लिटरमध्ये साधारण ३ किलोमीटर जातो. ताशी ४५ किलोमीटर वेगाने तासाला १५ लिटर पेट्रोल जळते. त्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे १३० किलोवॉट भरते. चाकांपर्यंत यातील जेमतेम पाव हिस्सा पोहोचतो. ढोबळमानाने एक तृतीयांश, म्हणजे ४० किलोवॉट, इंजिन थंड ठेवणारे पाणी घेऊन जाते. घरातील २० मोठ्या हीटरांइतकी ही उष्णता रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते.

आता केबिनची गरज किती ते पाहू. समजा, बाहेर उणे १० अंश सेल्सिअस तापमान आहे आणि आत १५ अंश हवे आहे. केबिनच्या भिंती, छप्पर व काचा मिळून ८ चौरस मीटर धरल्या, तर त्यांतून सुमारे १.२ किलोवॉट उष्णता बाहेर जाते. पत्रा जाड असो वा पातळ, यात फरक पडत नाही. उष्णतेला अडवतो तो पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा थर. म्हणूनच आतून सेंटिमीटरभर जाडीचा नमदा लावला, की हा व्यय निम्म्याहून कमी होतो. नमद्याच्या तंतूंमध्ये हवाच तर कोंडलेली असते.

फटींचा हिशेब याहून मोठा आहे. केबिनमधील अडीच घनमीटर हवा मिनिटाला एकदा बदलली, तर ती तापवायला १.३ किलोवॉट लागतात. पाच वेळा बदलली, तर जवळजवळ ७. म्हणून आधी दारांच्या कडा आणि गिअरच्या दांड्याभोवतालची भोके बुजवावीत, मग इंजिनचे गरम पाणी छोट्या हीटरमधून फिरवावे. मात्र ते पाणी गरम असायला हवे. कडक थंडीत रेडिएटर ते फारच गार करतो. यासाठी रेडिएटरचा काही भाग कापडाने झाकतात.

मग सगळ्याच फटी बुजवून केबिन हवाबंद का करू नये? इथे प्रश्न जिवाचा आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. जुन्या ट्रकचा धूर नेणारा नळ केबिनखालूनच जातो आणि त्याचे सांधे सैल झालेले असू शकतात. हीटरचा पंखा केबिनमधलीच हवा फिरवत राहिला, तर आत शिरलेला वायू आतच साठत जातो.

उपाय दोन. पहिला, हिवाळ्यापूर्वी नळाचे सांधे तपासून दुरुस्त करणे. दुसरा, पुढच्या बाजूची स्वच्छ हवा हीटरमधून तापवून आत ढकलणे. त्यामुळे आतील दाब किंचित वाढतो आणि उरलेल्या फटींतून हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही. श्वासातील बाष्पही निघून जाते व काचेवर बर्फ धरत नाही. यासाठी एखादा किलोवॉट जास्त लागला, तरी ४० किलोवॉटमध्ये तो काय जड?

वर्गात यातील एक भाग सहज दाखवता येईल. तीन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा पंख्यासमोर, तिसरा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या गुंडाळून पंख्यासमोर. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. कोणता डबा सर्वांत आधी गार होईल, हे विद्यार्थ्यांना आधीच विचारा. त्यांनी दिलेली कारणे फळ्यावर लिहून ठेवा आणि मग आलेखाशी ताडून पाहा.