रायफलीवरची दुर्बीण – भाग ६ : डोळ्यापासून वीतभर लांब

नेहमीच्या स्कोपमध्ये मागच्या भिंगापासून तीन-चार इंचांवर डोळा ठेवला की पूर्ण चित्र दिसतं, हे मागच्या भागात आलंच. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. काही स्कोपमध्ये मात्र ते नऊ ते बारा इंच असतं. असली दुर्बीण घ्यायची कुणी?

उत्तर बहुधा रायफलीच्या माथ्यावर सापडतं. जुन्या घडणीच्या विंचेस्टर ९४ मधून रिकामी पुंगळी सरळ वर उडते. तिथं दुर्बीण बसवली तर पुंगळी तिच्यावरच आपटणार. रशियन मोसिन-नागाँ रायफलीच्या बोल्टचा सरळ दांडा वर उचलला की दुर्बिणीला अडतो. एम-१ गॅरंडमध्ये आठ काडतुसांची क्लिप वरूनच दाबून भरायची; अमेरिकी सैन्याने या रायफलीच्या स्नायपर आवृत्तीत दुर्बीण चक्क डाव्या बाजूला सरकवली. दुसरा मार्ग म्हणजे ती पुढे, डोळ्यापासून लांब, नळीवर नेणं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी माउझरवर दीडपटीची झेडएफ-४१ अशीच बसवली होती. पुढे १९८० च्या दशकात जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने हलक्या ‘स्काउट’ रायफलीसाठी हीच मांडणी उचलून धरली. दोन्ही डोळे उघडे, आजूबाजूचं दिसतंय, काडतुसं भरायला जागा मोकळी, असा त्याचा हिशेब.

हिशेबाची दुसरी बाजू विक्रेते सहसा सांगत नाहीत. समजा, मागचं भिंग ३६ मिलिमीटरचं आहे. डोळा ९ सेंटिमीटरवर असेल तर ते साधारण २३ अंशांत मावतं. २५ सेंटिमीटरवर जेमतेम ८ अंशांत. अडीचपट मोठं करून पाहिलं की शंभर मीटरवर सहा मीटरच्या आतबाहेर रुंदीचा पट्टा उरतो. सातपटीला तो दोन मीटरवर येतो, आणि हलतं लक्ष्य त्यात शोधताना नाकी नऊ येतात. म्हणून २ ते ७ पटींची स्कोप पाहून हुरळू नका. दोन-अडीच पटीतच या दुर्बिणीचं खरं काम चालतं.

शिवाय डोळा आणि भिंग यांच्यात वीतभर मोकळी जागा. मावळतीचा सूर्य पाठीशी असला की उजेड मागच्या भिंगावर पडतो आणि चित्र धुरकट होतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. संध्याकाळी बाहेर पाहूनच ठरवा.

घेण्याआधी मापही घ्या. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, मग डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर सहज टेकू द्या आणि डोळे उघडा. डोळ्यापासून मागचं भिंग जिथं येणार तिथपर्यंत दुसऱ्याने टेप धरावा. अंतर दहा इंच भरलं तर दहाच इंचांना चालणारी दुर्बीण हवी. हात लांब करून वापरायची पिस्तुलाची स्कोप दिसायला तशीच असते, पण तिला याहून जास्त अंतर लागतं. स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नका.

हा सगळा मामला प्रामुख्याने अमेरिकेतल्या हौशींचा. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चाप बसला आणि नेमबाज स्वप्नील कुसाळे खेळतो त्या ऑलिंपिक रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही.

माझं मत विचाराल तर, रायफलीचा माथा मोकळा असेल तर नेहमीची, कमी पटीची स्कोपच घ्यावी. लांब आय रिलीफ घ्यावा तो पुंगळी, दांडा किंवा क्लिप आड येत असेल तरच.